फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत छंदांबद्दल बोलायचं कसं

शाळेतल्या फ्रेंचच्या परीक्षेत तीन विषय सहसा चुकत नाहीत: घरची माणसं, शाळा आणि फावला वेळ. पहिले दोन पाठांतरावर निभतात. तिसरा निभत नाही. 'फावल्या वेळात काय करता?' हा प्रश्न दिसायला सगळ्यांत सोपा, पण परीक्षक त्या एका प्रश्नातून तुमचे काळ, शब्दयोगी अव्ययं, मत आणि कारण असं सगळं काढून घेतो. मी शाळेच्या मुलांना फ्रेंच शिकवते आणि सरावाच्या तोंडी परीक्षाही घेते. मला सगळ्यांत जास्त ऐकायला मिळणारं उत्तर असं: "जेम ल स्पोर, जेम ला म्यूझीक, जेम ला लेक्त्यूर, जेम ल सिनेमा." खेळ आवडतो, संगीत आवडतं, वाचन आवडतं, सिनेमा आवडतो. चार छंद, चार वाक्यं, क्रियापद मात्र एकच. आणि त्यानंतर शांतता.

म्हणून माझा पहिला नियम: यादी सांगू नका. एक छंद धरा आणि त्यावर दोन मिनिटं बोलता येईल इतकी तयारी करा. दुसरा छंद हाताशी असू द्या, पण तो 'याआधी काय करायचात?' या प्रश्नासाठी. कसं ते पुढे येईलच.

उच्चारांबद्दल आधी थोडं. फ्रेंच देवनागरीत साधारणच बसतं, तेव्हा पुस्तकातलं स्पेलिंग शेजारी उघडं ठेवून वाचा. मी 'ज' लिहिते तो 'बोंजूर'मधला, 'झ' लिहिते तो 'झाड'मधला. 'द्यू', 'ल्यू' म्हणताना ओठांचा चंबू करायचा आणि आतून 'ई' म्हणायचं. ऐकणाऱ्याला तुमची कीव आली की उच्चार बरोबर येतोय असं समजा.

छंद निवडताना

परीक्षक छंदाला गुण देत नाही, भाषेला देतो. घोडेस्वारी सांगितली म्हणून भाव वधारत नाही. उलट खोटा छंद सांगितला की पुढच्या प्रश्नाला पाय घसरतो: कुठे जाता? कुणाबरोबर? शेवटचं कधी गेला होतात? मराठीतसुद्धा थाप मारताना आपण अडखळतो, तिथे फ्रेंचमध्ये काय होणार! खरा छंद घ्या, पण ज्याचे शब्द तुम्हाला पेलतील असा. रोबोट बनवणाऱ्या एका मुलाला मी परीक्षेपुरता सायकलवर आणला, कारण सुट्या भागांची फ्रेंच नावं त्याला येत नव्हती आणि मलाही सगळी येत नव्हती.

'मला छंदच नाही' म्हणणाऱ्यांनी काळजी करू नये. 'ज रगार्द दे व्हिदेओ', मी व्हिडिओ बघतो, हेही चालतं. फक्त कसले, कधी, का, हे सांगता आलं पाहिजे.

'जू' की 'फे'

इथे व्याकरण ठाम आहे, आणि एकदा बसलं की कायमचं बसतं. खेळ खेळायचा असेल तर 'जुए'नंतर 'आ' येतो, वाद्य वाजवायचं असेल तर 'द'. हे 'आ' आणि 'द' पुढच्या आर्टिकलला चिकटतात: 'आ' अधिक 'ल' म्हणजे 'ओ', 'द' अधिक 'ल' म्हणजे 'द्यू'. म्हणून 'ज जू ओ तेनीस', मी टेनिस खेळते, पण 'ज जू द्यू पियानो', मी पियानो वाजवते. स्त्रीलिंगी 'ला' असेल तर काही चिकटत नाही: 'ज जू द ला गितार'. अनेकवचनी असेल तर 'ओ'च्या शेवटी एक मुका एक्स येतो, आणि पुढे स्वर आला की तोच एक्स 'झ' होऊन बोलू लागतो: बुद्धिबळ खेळतो म्हणजे 'ज जू ओझेशेक'.

बाकी जे आपण 'करतो' ते सगळं 'फेर' या क्रियापदाने: 'ज फे द्यू व्हेलो' सायकलिंग, 'ज फे द ला नातासियों' पोहणं, 'ज फे द लेकितासियों' घोडेस्वारी.

गंमत नकारात आहे. 'फे'बरोबरचे 'द्यू', 'द ला' नकारात गळून नुसता 'द' उरतो: 'ज न फे पा द व्हेलो'. खेळाचा 'ओ' मात्र जागचा हलत नाही: 'ज न जू पा ओ तेनीस'. हे बरोबर वापरणारी मुलं कमी असतात, त्यामुळे परीक्षकाच्या कानाला ते लगेच जाणवतं.

आवडीचं सांगताना

'एमे' या क्रियापदानंतर नाम आलं तर 'ल, ला, ले' हीच आर्टिकल लागतात, आणि ती नकारातही तशीच राहतात: 'जेम ला म्यूझीक', 'ज नेम पा ला म्यूझीक'. 'फे'चा नियम इथे आणू नका. क्रियापद आलं तर ते मूळ रूपातच येतं, मधे काही लागत नाही: 'जेम लीर', मला वाचायला आवडतं.

'मला आवडतं' या आपल्या रचनेच्या अगदी जवळची रचना फ्रेंचमध्ये आहे: 'सा म प्ले'. त्यात 'मी' कर्ता नसतो, आवडणारी गोष्ट कर्ता असते, आपल्यासारखीच. तीच चौकट धरून कारणं देता येतात, आणि ती 'से अँतेरेसां', म्हणजे 'ते रंजक आहे', याच्यापेक्षा कितीतरी बरी वाटतात: 'सा म देतां', त्याने मला मोकळं वाटतं, 'सा म शांज लेझीदे', त्याने डोक्यातले विचार बदलतात, 'सा म पेर्मे द...', त्यामुळे मला अमुक करता येतं. शेवटचं वाक्य फार उपयोगी, कारण त्याच्यापुढे कुठलंही क्रियापद मूळ रूपात ठेवता येतं.

विशेषण वापरायचंच असेल तर 'से' या शब्दाआड लपा. 'ला नातासियों ए...' म्हटलं की विशेषण स्त्रीलिंगी करावं लागतं. 'से' म्हटलं की विशेषण पुल्लिंगीच राहतं, छंदाचं लिंग काहीही असो. घाबरलेल्या मुलांना मी हाच रस्ता दाखवते.

आणि कंटाळा आला हे 'ज मांन्वी' असं सांगायचं. इंग्रजीतला 'एक्सायटेड' फ्रेंचमध्ये जसाच्या तसा नेऊ नका. तो शब्द तिथे आहे, पण त्याला भलतीच छटा आहे. एखाद्या गोष्टीची आतुरतेने वाट बघताय असं म्हणायचं असेल तर 'जे आत द...' म्हणा.

काळ: इथे मराठी कामाला लावा

बहुतेक मुलं मनात इंग्रजी वाक्य तयार करतात आणि त्याचं फ्रेंच करतात. काळांच्या बाबतीत हा लांबचा आणि खड्ड्यांचा रस्ता आहे. मराठीतून थेट जा.

'मी चार वर्षांपासून व्हायोलिन वाजवते.' क्रियापद वर्तमानकाळी आहे, कारण वाजवणं अजून चालू आहे. फ्रेंचही असंच करतं: 'ज जू द्यू व्हियोलों दप्वी कात्रां.' 'दप्वी' म्हणजे पासून, आणि क्रियापद साधं वर्तमान. इंग्रजीतून गेलात तर इथे हमखास भूतकाळ घुसतो. आणि 'दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली' म्हणायचं असेल तर 'पूर्वी'साठी 'इलिया' वाक्याच्या तोंडाशी: 'इलिया दझां, जे कोमांसे.'

'मी खेळायचो' आणि 'मी खेळलो' यांतला फरक तुम्हाला कुणी शिकवावा लागत नाही. खेळायचो म्हणजे सवय होती, खेळलो म्हणजे एकदा झालं आणि संपलं. फ्रेंचमध्ये तेच: 'ज जुए' हा अँपार्फे, 'जे जुए' हा पासे कोंपोझे. व्याकरणाच्या पुस्तकात या फरकावर पानंच्या पानं असतात. तुम्ही मनात 'खेळायचो' म्हणा आणि अँपार्फे लावा, छंदांच्या विषयात बहुतेक ठिकाणी काम भागतं. आधी म्हटलेला दुसरा छंद इथे येतो: 'कां जेते पतीत, ज फझे द ला दांस', लहान होते तेव्हा नाचायचे. मुलगा असेल तर 'पती'. त्याला जोडूनच 'मे मँतनां, ज प्रेफेर ल देसँ', पण आता मला चित्र काढणं जास्त आवडतं. दोन काळ आणि एक तुलना, वाक्य एकच.

'मी खेळणार आहे' म्हणजे 'ज व्हे जुए' आणि 'मी खेळेन' म्हणजे 'ज जूरे'. पहिलं सोपं आहे, तेच वापरा. 'मला शिकायला आवडेल' यासाठी 'जेमरे आप्रांद्र'.

एका ठिकाणी मात्र मराठी फसवते. 'मी गेलो, मी गेले' असा आपला फरक फ्रेंचमध्ये लिहिताना दिसतो: 'ज स्वीझाले'च्या शेवटी मुलगी एक जादा ई लावते, मुलगा लावत नाही. पण म्हणून 'मी खेळले'च्या चालीवर 'जे जुए'ला ई लावू नका. बोलणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदल होतो तो 'एत्र'वाल्या, म्हणजे भूतकाळासाठी 'एत्र' (असणं) हे मदतीचं क्रियापद घेणाऱ्या क्रियापदांत, 'आव्ह्वार' (जवळ असणं) घेणाऱ्या, म्हणजे 'आव्ह्वार'वाल्या नाही. छंदांच्या विषयात जाणं, येणं, बाहेर पडणं, राहणं एवढी चार 'एत्र'वाली पक्की केली तरी पुरतं. शिवाय फेरफटका मारणं, 'ज म स्वी प्रोम्ने', तेही त्याच पंगतीतलं.

वारांची एक खुबी. 'ल साम्दी' म्हणजे दर शनिवारी, नुसतं 'साम्दी' म्हणजे या शनिवारी. एवढ्याशा 'ल'ने सवय आणि बेत वेगळे होतात. 'सुव्हां', म्हणजे बरेचदा, हा शब्द क्रियापदानंतर येतो: 'ज जू सुव्हां'. आपण 'मी बरेचदा खेळते' म्हणतो म्हणून तो आधी टाकायचा मोह होतो.

एक उत्तर जवळून

चित्रं काढणाऱ्या एका मुलीबरोबर बसून तयार केलेलं उत्तर देते. सुरुवातीला तिच्याकडे 'जेम ल देसँ' एवढंच होतं. मी विचारत गेले आणि ती आधी मराठीत सांगत गेली. कसली चित्रं? पक्ष्यांची. कुठे? गच्चीत बसून. मग हे जमलं:

"मों पास-तां प्रेफेरे, से ल देसँ. ज देसीन दप्वी त्र्वाझां. ज देसीन सुर्तू देझ्वाझो. ल दिमांश मातँ, ज मँस्ताल स्यूर ला तेरास आव्हेक अं क्रेयों. सा म देतां. दिमांश देर्निये, जे देसिने अं पिजों, मे इले पार्ती आव्हां ला फँ!"

माझा आवडता छंद चित्रकला. मी तीन वर्षांपासून चित्रं काढते. मुख्यतः पक्ष्यांची. दर रविवारी सकाळी पेन्सिल घेऊन गच्चीत बसते. त्याने मोकळं वाटतं. गेल्या रविवारी एक कबूतर काढलं, पण चित्र पुरं व्हायच्या आतच ते उडून गेलं.

यात अवघड शब्द एकही नाही. पण 'दप्वी' आलं, 'ल दिमांश' आणि 'दिमांश देर्निये' दोन्ही आले, 'आव्ह्वार'वाला भूतकाळ आला आणि 'इले पार्ती'मध्ये 'एत्र'वालाही आला. 'देझ्वाझो'मध्ये जोडउच्चार आला. आणि कबुतरामुळे परीक्षकाला पुढचा प्रश्न सुचला. हे मुद्दाम करायचं असतं. उत्तराच्या शेवटी एखादी छोटी घडलेली गोष्ट ठेवली की परीक्षक तिथेच बोट ठेवतो, म्हणजे पुढचा प्रश्न तुम्हाला आधीच माहीत असतो. ती मुलगी घरी आणखी तीन वाक्यं तयार करून आली: मग काय केलं, आता कुठला पक्षी काढणार, आणि रंग का वापरत नाही.

पाठ करायचं का? सुटे तुकडे पाठ करा, उत्तर नको. सलग पाठ केलेलं उत्तर मधे कुणी अडवलं की पहिल्यापासून सुरू करावं लागतं, आणि परीक्षक अडवतोच.

प्रश्न तुम्हालाही विचारायचे असतात

शाळेच्या अंतर्गत परीक्षेत बहुधा उत्तरंच द्यावी लागतात, पण डेल्फ ही फ्रेंचची प्रमाणपत्र परीक्षा देणार असाल तर हा भाग सोडू नका. ए-१ पातळीच्या तोंडी परीक्षेत एक टप्पा असा असतो की शब्द लिहिलेल्या चिठ्ठ्या तुमच्या हाती येतात आणि प्रत्येक शब्दावरून तुम्ही परीक्षकाला प्रश्न विचारायचा. 'स्पोर?', 'सिनेमा?', 'व्हाकांस?' असे शब्द. वर्षभर उत्तरांची घोकंपट्टी केलेली मुलं इथे चिठ्ठीकडे बघत बसतात. 'एस्क व्हू...' हा साचा पुरतो: 'एस्क व्हू फेत द्यू स्पोर?', तुम्ही खेळ खेळता का? जरा वर जायचं असेल तर 'केस्क व्हू फेत पांदां व्होत्र तां लीब्र?', फावल्या वेळात काय करता? परीक्षकाला नेहमी 'व्हू', 'त्यू' नाही. आपण अनोळखी मोठ्या माणसाला 'तू' म्हणत नाही, तसंच.

ए-२ला एक टप्पा सलग बोलण्याचा असतो, आणि कबुतराचं उत्तर तिथे जसंच्या तसं बसतं. दोन्ही पातळ्यांना आधी १० मिनिटं तयारीला मिळतात. त्या वेळात पूर्ण वाक्यं लिहू नका, काळांची क्रियापदं तेवढी लिहा.

प्रश्न समजला नाही तर गप्प बसू नका: 'पार्दों, व्हू पुव्हे रेपेते, सिल व्हू प्ले?' विचार करायला क्षणभर हवा असेल तर 'ए बियँ...' किंवा 'आलोर...' इंग्रजी 'सो' आणि 'लाइक' नकोत, ते कानाला फार टोचतात.

ठरलेले खड्डे

'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान. वाचनालयाला 'बिब्लियोतेक' म्हणतात. दर शनिवारी लिब्रेरीत जाऊन तीन पुस्तकं घेते असं सांगितलंत तर परीक्षक तुमच्या वडिलांच्या खिशाचा विचार करत बसेल. 'व्हिझिते' जागेसाठी, माणसासाठी नाही. आजीकडे जायचं असेल तर 'रांद्र व्हिझीत आ'. 'एकुते' म्हणजे ऐकणं, त्याच्यापुढे 'आ' लावायचा नाही.

'ज सोर आव्हेक मेझामी', मी मित्रमैत्रिणींबरोबर बाहेर जाते, हे निर्धास्त म्हणा. पण तेच एकवचनात, 'आव्हेक मोनामी', म्हटलं तर त्याचा अर्थ प्रेमप्रकरणाकडे झुकतो. वर्गात हे सांगितलं की पाच मिनिटं शिकवता येत नाही, पण नंतर कुणी चुकत नाही.

उच्चारात 'नू फझों', आम्ही करतो, याकडे लक्ष द्या. स्पेलिंग बघून सगळे 'फेझों' म्हणतात. आणि 'ज न फे प्ल्यू द दांस' म्हणजे मी आता नाचत नाही, सोडलं. 'प्ल्यू' ऐकलं की 'जास्त' असा अर्थ लावू नका, आधी 'न' आहे का ते बघा. श्रवणाच्या परीक्षेत हा सापळा नेहमीचा. तसाच अँपार्फेचा: ध्वनिफितीतला मुलगा 'ज फझे द्यू ज्यूदो' म्हणाला तर तो पूर्वी ज्युदो करायचा. 'मे मँतनां' पुढे येतंय, तोवर खूण करायची घाई नको.

उताऱ्यांत फ्रान्सच्या मुलांचं वेळापत्रक येतं, त्यात बुधवार दुपार वारंवार दिसेल. तिथल्या कोलेजमध्ये, म्हणजे साधारण ११ ते १५ वयाच्या मुलांच्या शाळेत, बुधवारी दुपारी सहसा तास नसतात आणि शाळेच्या क्रीडासंघाचे खेळ तेव्हा होतात. २१ जूनची फेत द ला म्यूझीकही भेटेल, १९८२ पासून चाललेला रस्त्यावरच्या संगीताचा दिवस. वेळ बऱ्याचदा चोवीस तासांच्या घड्याळात येते, तेव्हा 'दीसेत अर' म्हणजे संध्याकाळचे पाच.

लेखी

लेखी परीक्षेत छंद आमंत्रणाच्या वेषात येतात. ए-२ला साठेक शब्दांचे दोन मजकूर असतात, आणि दुसऱ्यात अनेकदा कुणीतरी बोलावलेलं असतं: सिनेमाला ये, पोहायला ये. होकार द्या किंवा नकार, पण नकार दिलात तर कारण आणि दुसरा दिवस सुचवा. तिथे मित्राला 'त्यू'च. 'सा त दी दाले ओ सिनेमा साम्दी?', शनिवारी सिनेमाला जाऊ या का, हे वाक्य तयार ठेवा.

शेवटची पाच मिनिटं फक्त 'जुए'सारख्या क्रियापदांवर घाला. कानाला 'जुए' एकच, कागदावर रूपं अनेक. 'ज व्हे' किंवा 'जेम'नंतर असेल तर शेवटी ई-आर. 'जे'नंतर असेल तर डोक्यावर तिरकी रेघ असलेला एकटा ई. 'व्हू'नंतर असेल तर ई-झेड. 'खेळायचो' असेल तर ए-आय-एस. प्रत्येक क्रियापदावर बोट ठेवून त्याच्या आधीचा शब्द बघा, मगच पेपर द्या.